तुम्ही विचारलंत म्हणून: सुपारीचा खटला आणि तज्ज्ञाची साक्ष

‘निकाल बातमीत दोन ओळींत कळतो. मग मोबाइल टॉवरचे नकाशे दाखवत बसणाऱ्या त्या पोलिसाची साक्ष तुम्ही तासन्‌तास का ऐकता?’ माझ्या हाताखालचे ज्युनिअर विचारतात, घरचेही विचारतात. आता तुम्हीही विचारलंत, म्हणून नीट उत्तर देतो.

मी सत्र न्यायालयात फौजदारी कामं करतो. ज्या खटल्यापायी मला हा नाद लागला तो अमेरिकेतला, फ्लोरिडाची राजधानी टालाहासी इथला. १८ जुलै २०१४ च्या सकाळी, अकराच्या सुमारास, डॅन मार्केल हे कायद्याचे प्राध्यापक जिममधून घरी परतले. गाडी गॅरेजमध्ये घेतली आणि फोनवर बोलत असतानाच त्यांच्या डोक्यात दोन गोळ्या घातल्या गेल्या. दुसऱ्या दिवशी ते गेले. वय ४१, दोन लहान मुलगे. घटस्फोट झालेला होता आणि मुलांना घेऊन दक्षिण फ्लोरिडात माहेरी राहायला जायची त्यांच्या पत्नीची मागणी कोर्टाने आदल्या वर्षी फेटाळलेली होती. सरकार पक्षाने खुनाचा हेतू म्हणून पुढे हेच मांडलं. स्वतः पत्नीवर आजवर आरोप ठेवलेला नाही आणि खुनाशी आपला काही संबंध नाही असंच तिने शपथेवर सांगितलं आहे, हे इथेच स्पष्ट केलेलं बरं.

हा खटला मला धरून ठेवतो तो एका कारणासाठी. बंदूक कधीच सापडली नाही. आपण ज्याला भक्कम पुरावा म्हणतो, म्हणजे हत्यार, रक्ताचे डाग, बोटांचे ठसे, तो सुपारीच्या खुनात फार तर गोळी झाडणाऱ्यापर्यंत नेतो. सुपारी देणारा घटनास्थळी नसतोच. तो शेकडो किलोमीटर दूर आपल्या दवाखान्यात पेशंट तपासत असतो. त्याचा ठसा कुठे उमटणार? उमटला तर तीनच ठिकाणी: फोनच्या नोंदीत, पैशाच्या हिशेबात आणि त्याच्या स्वतःच्या बोलण्यात. म्हणून या खटल्यात तज्ज्ञाची साक्ष हाच कणा होता.

सुरुवात गाडीपासून झाली. शेजाऱ्याने आवाज ऐकला आणि फिकट रंगाची एक प्रियस निघून जाताना पाहिली. एवढ्या धाग्यावरून पोलिसांनी मार्केल यांची ती सकाळ उलटी पिंजून काढली. मुलांना पाळणाघरात सोडलं तो रस्ता, जिमचा पार्किंग लॉट, शहराच्या बसवर बसवलेले कॅमेरे, सगळं पाहिलं. प्रियस त्यांच्या मागावर होती. त्या गाडीच्या काचेवर टोल भरायचा ट्रान्सपाँडर दिसत होता, आपल्या फास्टॅगसारखा. मग टोलच्या नोंदी, त्यावरून मायामीकडची भाड्याची गाडी, भाड्याच्या कागदांवरून लुईस रिव्हेरा आणि त्याच्यासोबतचा सिगफ्रेडो गार्सिया. त्यांच्या फोनच्या नोंदी नकाशावर मांडल्या तेव्हा मायामी ते टालाहासी हा सुमारे पावणेआठशे किलोमीटरचा प्रवास टॉवरागणिक दिसू लागला. एकदा जुलैमध्ये, आणि त्याआधी एकदा जूनमध्येही. जूनच्या खेपेला काम फसलं होतं, हे पुढे रिव्हेरानेच सांगितलं. २०१६ मध्ये त्याने गुन्हा कबूल करून १९ वर्षांची शिक्षा घेतली आणि साक्ष दिली.

टालाहासी पोलिसांचे ख्रिस्तोफर कॉर्बिट यांनी या फोनच्या नोंदी ज्युरीसमोर मांडल्या. ती साक्ष कंटाळवाणी वाटते हे मला मान्य आहे. हा नंबर, ही वेळ, हा टॉवर, टॉवरची ही बाजू. पण हीच बाजू माझ्यासारख्याने कान देऊन ऐकायची असते. टॉवरच्या नोंदीवरून फोन कोणत्या पट्ट्यात होता ते कळतं. कोणत्या घरात होता ते कळत नाही आणि कुणाच्या हातात होता हे तर मुळीच कळत नाही. चांगला तज्ज्ञ या मर्यादेपाशी थांबतो. पुढचं जोडकाम दुसऱ्या साक्षीदाराने करायचं असतं: गाडी भाड्याने देणाऱ्याने, बँकेच्या माणसाने, सोबत असलेल्या आरोपीने. ‘मला जेवढं दिसलं तेवढंच मी सांगतो’ ही वृत्ती ज्या साक्षीत आहे ती उलटतपासात टिकते. जो तज्ज्ञ सरकार पक्षाला आवडेल म्हणून दोन पावलं पुढे जातो, तो आधीची शंभर बरोबर पावलंही वाया घालवतो.

पैशाचा भाग थोडक्यात सांगतो. गार्सियाच्या मुलांची आई कॅथरीन मॅगबानुआ ही त्या काळात मार्केल यांचा मेहुणा चार्ली अ‍ॅडेल्सन याच्यासोबत होती. चार्ली हिरड्यांचा डॉक्टर. खुनानंतर काही महिन्यांत त्याच्या घरच्या दवाखान्याचे पगाराचे चेक तिच्या नावाने निघू लागले, सही चार्लीची आई डॉना हिची. मॅगबानुआला तिथे काम करताना मात्र कुणी पाहिलेलं नव्हतं. सुपारी एक लाख डॉलरची होती, असं रिव्हेराने सांगितलं. बँक खात्यांतल्या रोख भरण्याचा आलेख पाहिला की हिशेब तपासणारा माणूस खुनाच्या खटल्यात काय करतो, हे पुन्हा कुणाला विचारावं लागत नाही.

आणि आता आवाज. मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो हा भाग.

एप्रिल २०१६ मध्ये एफबीआयचा एक माणूस वेष पालटून डॉनाला रस्त्यात भेटला. खुनाच्या बातमीचा कागद तिच्या हातात ठेवून त्याने पाच हजार डॉलर मागितले. फोन आधीच ऐकले जात होते. त्यानंतर लगेच कोण कुणाला फोन करतं, हेच पाहायचं होतं. डॉनाने चार्लीला केला, चार्लीने मॅगबानुआला, आणि दोघं मायामीतल्या डोल्चे व्हिटा नावाच्या हॉटेलात भेटले. एफबीआयने ती भेट लपून रेकॉर्ड केली. पण हॉटेलच्या गोंगाटात शब्द बुडून गेले. २०१९ च्या पहिल्या खटल्यात गार्सियाला जन्मठेप झाली, मॅगबानुआबाबत मात्र ज्युरीचं एकमत होईना. नंतर एका ध्वनितज्ज्ञाने त्याच रेकॉर्डिंगवर नव्याने काम केलं. गोंगाट खाली गेला, माणसांचं बोलणं वर आलं. चार्लीला २१ एप्रिल २०२२ रोजी अटक झाली आणि पुढच्याच महिन्यात फेरखटल्यात मॅगबानुआ दोषी ठरली.

इथे उलटतपासाचा खरा कस लागतो. तुम्ही आवाज साफ केलात की बदललात? मूळ फाइल कुठे आहे? प्रत्येक टप्प्यावर काय काय केलं त्याची नोंद आहे का? लेखी उतारा वाचत वाचत ऐकलं की कानाला तेच शब्द ऐकू येतात, ही माणसाची खोड आहे. म्हणून मी उतारा बाजूला ठेवून ऐकतो. पुरावा असता तर आपण केव्हाच विमानतळ गाठलं असतं, अशा अर्थाचं चार्लीचं वाक्य मला उताऱ्याशिवाय समजलं, तेव्हा त्या तज्ज्ञाने काय साधलं होतं ते माझ्या लक्षात आलं.

२०२३ मध्ये चार्ली स्वतः साक्षीच्या पिंजऱ्यात उभा राहिला. त्याच्या वकिलांनी टॉवर नाकारले नाहीत, चेक नाकारले नाहीत, आवाजही नाकारला नाही. सगळं मान्य, पण अर्थ वेगळा: खून दुसऱ्यांनी परस्पर केला, नंतर मॅगबानुआने येऊन धमकावलं, दशलक्ष डॉलरचा एक तृतीयांश हिस्सा मागितला, आणि मी भीतीपोटी पैसे देत राहिलो. बचावाची ही मांडणी मला वकील म्हणून फार विचार करायला लावते. विज्ञानाने ‘काय घडलं’ हे इतकं पक्कं केलं होतं की भांडायला फक्त ‘का घडलं’ एवढंच उरलं. ज्युरीने सुमारे तीन तासांत त्याला दोषी ठरवलं. आठवडाभरात डॉना मायामी विमानतळावर पकडली गेली, व्हिएतनामचं एकेरी तिकीट घेऊन. ४ सप्टेंबर २०२५ रोजी तीही दोषी ठरली. खुनाला तेव्हा अकरा वर्षं होऊन गेली होती.

आता यात आपलं काय? आपल्याकडे फॉरेन्सिक तज्ज्ञ पिंजऱ्यात येतोच असं नाही. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम २९३, आता नागरिक सुरक्षा संहितेचं ३२९, यानुसार सरकारी प्रयोगशाळेतल्या ठरावीक अधिकाऱ्यांचा अहवाल थेट पुरावा म्हणून दाखल होतो. त्या यादीत मुंबईच्या हाफकिन संस्थेच्या संचालकांचंही नाव होतं. तज्ज्ञाला बोलावण्याचा अधिकार कोर्टाला आहे, पण सी.ए. रिपोर्ट, म्हणजे रासायनिक विश्लेषकाचा अहवाल, निशाणी क्रमांक पडून फाइलला लागतो आणि बरेचदा त्यावर कुणी एक प्रश्नही विचारत नाही. मला हे खुपतं. आरोपीच्या बाजूने उभा असलो तरी खुपतं आणि मूळ फिर्यादीच्या बाजूने असलो तरी खुपतं.

इलेक्ट्रॉनिक पुराव्याचा धडा मात्र आपल्याला मराठवाड्यानेच दिला. २०१४ च्या विधानसभेला जालन्यात अर्जुन खोतकर २९६ मतांनी निवडून आले. उमेदवारी अर्ज वेळेत भरला होता का, हा वाद निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या व्हिडिओ चित्रीकरणावर येऊन ठेपला आणि सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी सांगितलं की मूळ उपकरणच हजर केलं नसेल तर जुन्या पुरावा कायद्याच्या कलम ६५-बी चं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक नोंद कशी काढली याचं, प्रमाणपत्र लागणारच. निवडणुकीचा तो वाद आज प्रत्येक खुनाच्या खटल्यातल्या सीडीआरला, म्हणजे फोनच्या कॉल-नोंदींना, आणि सीसीटीव्हीला लागू आहे. पण प्रमाणपत्र दिलं म्हणजे तपासणी संपली असं नाही. नोडल ऑफिसरला, म्हणजे या नोंदी पुरवणाऱ्या मोबाइल कंपनीच्या अधिकाऱ्याला, टॉवरची दिशा विचारा, पट्टा किती मोठा ते विचारा, नोंद कुणी काढली ते विचारा.

तुम्हाला हे ऐकायचं असेल तर निकालापासून सुरुवात करू नका, सरतपासापासूनही, म्हणजे साक्षीदाराला बोलावणाऱ्या वकिलाच्या प्रश्नांपासूनही, नको. २०२३ च्या खटल्यातल्या तज्ज्ञांचे उलटतपास आधी ऐका आणि कागदावर दोन रकाने पाडा: एकात तज्ज्ञाने काय सांगितलं ते, दुसऱ्यात काय सांगायला नकार दिला ते. माझे ज्युनिअर आता हेच करतात, आणि शनिवारी आम्ही ते कागद समोर ठेवून आमच्याच चालू खटल्यांतल्या नोडल ऑफिसरसाठी प्रश्न काढतो.