नदीत गेलेला चेंडू

दुपारी तीनच्या सुमारास खालच्या मुलांचा चेंडू पुन्हा एकदा कुंपणापलीकडच्या नाल्यात गेला. वर्तमानपत्र तोंडावर घेऊन मी आडवा झालो होतो, तरी मला ते आवाजावरूनच कळले. कारण चेंडू नाल्यात पडला की क्षणभर सगळे गप्प होतात आणि मग 'ज्याने मारला त्यानेच आणायचा' हा कायदा तारस्वरात सांगितला जातो. आमच्या लहानपणी नाल्याच्या जागी विहीर होती आणि कायदा हाच होता. दोरीला बांधलेली बादली खाली सोडली की चेंडू तिच्या काठापर्यंत येई आणि नेमका अंग चोरून बाजूला सरके.

इंग्लंडमधल्या श्रूझबरी गावाने या प्रश्नावर माणूसच नेमला होता. तिथल्या फुटबॉल क्लबचे जुने मैदान, गे मेडो, सेव्हर्न नदीला इतके लगटून होते की उंच गेलेला चेंडू सरळ प्रवाहात पडायचा. मग एक गृहस्थ टोपलीएवढ्या गोल होडीत बसून, एका हाताने वल्हे मारीत तो गाठायचे आणि चेंडूमागे त्यांना ठरलेले पैसे मिळायचे. क्लबने २००७ साली ते मैदान सोडले. मला मात्र गे मेडो म्हटले की ती होडी आठवते आणि होडीपाठोपाठ आर्थर रोली.

वुल्व्हरहॅम्प्टनला १९२६ साली जन्मलेल्या या माणसाच्या नावावर इंग्लिश फुटबॉल लीगमधले सर्वाधिक गोल आहेत: ६१९ सामन्यांत ४३४. डिक्सी डीनचा ३७९ गोलांचा विक्रम त्याने १९६१ मध्ये मागे टाकला. हे सारे त्याने केले ते बहुतांशी खालच्या विभागांत. लेस्टर सिटीला वरच्या विभागात नेताना १९५६-५७ च्या एकाच हंगामात त्याने ४४ गोल केले. तरीही इंग्लंडच्या मुख्य संघाने त्याला एकदाही बोलावले नाही. त्याचा थोरला भाऊ जॅक मँचेस्टर युनायटेडकडून खेळला, १९४८ च्या एफ. ए. कपच्या अंतिम सामन्यात त्याने दोन गोल केले आणि तो इंग्लंडकडूनही खेळला. धाकट्याच्या वाट्याला डाव्या पायाच्या तडाख्यामुळे 'गनर' हे टोपणनाव आले.

आपल्याकडे भारताकडून कसोटी खेळण्याची संधी कधीच न मिळालेले मुंबईचे फिरकी गोलंदाज पद्माकर शिवलकर यांचे नाव निघाले की कुणीतरी सुस्कारा टाकतोच. रोलीबद्दल मला तसे हळहळावेसे वाटत नाही आणि याचे कारण श्रूझबरीत आहे. १९५८ साली लीगमध्ये चौथा विभाग नव्याने सुरू झाला, त्याच वर्षी तो तिथे खेळाडू आणि व्यवस्थापक अशा दोन्ही नात्यांनी दाखल झाला. अंगाने भारी झालेल्या, तिशी उलटलेल्या आघाडीच्या खेळाडूला संघातून वगळण्याचा अधिकार असणारा माणूस तो स्वतःच असावा, यासारखी सोय नाही! अर्थात, पहिल्याच हंगामात ३८ गोल करून त्याने क्लबला तिसऱ्या विभागात नेले, तेव्हा तक्रार कोण करणार? पुढे १९६५ पर्यंत खेळून त्याने श्रूझबरीसाठी १५२ लीग गोल केले.

मिळकतीचे म्हणाल, तर त्या काळी इंग्लंडमध्ये खेळाडूच्या पगारावर कमाल मर्यादा होती. १९५८ साली ती आठवड्याला वीस पौंड होती, मग तुम्ही हंगामात चाळीस गोल करा किंवा चार. जानेवारी १९६१ मध्ये ही मर्यादा उठली आणि रोलीच्याच जुन्या फुलहॅम क्लबने जॉनी हेन्सला आठवड्याला शंभर पौंड देऊ केले. रोली तेव्हा पस्तिशीला टेकला होता.

खाली आता काठी आणि प्लास्टिकची पिशवी यांच्या साहाय्याने मोहीम सुरू झाली आहे. मला उगाच एक हिशेब सुचला. जाळ्यात गेलेल्या चेंडूंची नोंद ४३४ अशी चोख आहे; पण होडीवाल्याचे पोट त्यांच्यावर चालत नव्हते. त्याची कमाई गोलच्या आडव्या दांडीवरून गेलेल्या, कुंपण ओलांडून सेव्हर्नमध्ये पडलेल्या चेंडूंची. गनरच्या डाव्या पायाने त्याला किती मिळवून दिले असतील, कोण जाणे. पाणी पिऊन जड झालेला तो कातडी चेंडू परत मैदानात आला की पुन्हा रोलीकडेच जात असणार.