आधी पाणी, मग चहा

गुरुजी, परवा तुम्ही विचारलंत म्हणून हे लिहून काढतो. प्रश्न नवा नाही. ज्यांच्या ओसरीवर मी आजवर चहा प्यालो, त्यातल्या निम्म्या घरांत तो कधी ना कधी निघालाच आहे. "तुम्ही आधी पानी मांगता, एकच घोट घेता, अन् मंग सांगता दुधाचा मांडा का काया मांडा. हे काय होय?" (काया म्हणजे काळा, बिनदुधाचा.) कोणाला वाटतं डॉक्टरनं पथ्य सांगितलं असेल. एका वयनीला वाटलं, मी तिच्या घरचं पाणी स्वच्छ आहे की नाही ते तपासतो. ती दोन वर्षं माझ्याशी धड बोलली नाही.

पाहुण्याला आधी पाणी द्यायचं ही आपली रीतच, त्यामुळे पुष्कळांच्या ध्यानातही येत नाही. तुमच्या आलं, कारण तुम्ही सातारकडचे. तिकडे पाणी म्हणजे पाणी. इथं पाण्याच्या जाती आहेत: गोडं, मचूळ, खारं, आणि आता नवीन निघालेलं कॅनचं.

मी जिल्हा परिषदेच्या गुरांच्या दवाखान्यात पशुधन पर्यवेक्षक होतो. जवळजवळ सगळी नोकरी पूर्णा नदीच्या आसपासच्या गावांत गेली. मोटारसायकल, मागं डबा, आणि दिवसाला सात-आठ गोठे. कास्तकाराच्या घरून चहा न घेता निघणं म्हणजे त्याचा अपमान, म्हणून दिवसाला चहाही सात-आठ. एवढा चहा पोटात जायला लागला की आवडनिवड ठेवावीच लागते, नाहीतर माणूस पित्तानं मरतो.

खारपाणपट्टा म्हणजे काय, हे तुम्हाला इथं येऊन सहा महिने झाले तरी कोणी धड सांगितलेलं दिसत नाही. पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांत ही काळ्या मातीची पट्टी पसरलेली आहे. वरून पाहाल तर जमीन लोण्यासारखी. खाली बोअर मारला की खारं पाणी. ते वावराला दिलं तर माती चिकट होते आणि वाळल्यावर दगडावानी आवळते, म्हणून इथला कास्तकार पिढ्यानपिढ्या पावसाच्या भरवशावर कापूस, तूर, मूग, हरभरा करत आला. त्या पाण्यात तुरीची डाळ शिजता शिजत नाही. म्हणून घरोघरी पाणी भरायचे दोन गुंड, म्हणजे हंडे, वेगळे असत, एक वापरायच्या पाण्याचा, एक गोड्या पाण्याचा. गोडं पाणी बाया लांबून डोक्यावर आणत. ते प्यायला, डाळीला, आणि उरलं तर चहाला. पुढं शहानूर धरणाचं पाणी नळानं आलं तशी पुष्कळ गावांची ददात मिटली. पण नळ रोज येत नाही, आणि तो आला नाही की बोअर आहेच.

या पाण्याचं आणि चहाचं जुनं वैर. पाण्यात क्षार असले की पत्तीतून उतरणारा रंग काळवंडतो. चिमूटभर पत्ती टाका, चहा डांबरासारखा दिसेल, पण तोंडात घेतला तर कडकपणा नाही, वास नाही. नुसता रंग, दम नाही. निवायला लागला की वर पातळ तवंग धरतो आणि कपाच्या आतून तपकिरी कडं बसतं. करणाऱ्याला वाटतं पत्ती जास्त झाली. तो दुसऱ्या दिवशी कमी टाकतो आणि चहा आणखी बेचव होतो. दूध टाकलं तर रंग राखेवर जातो, आणि पाणी फारच खारं असलं तर दूध फाटतंसुद्धा.

हे मला एका बुढीनं शिकवलं. दर्यापूर तालुक्यातलं गाव, जानेवारीतली रात्र. पहिलारू म्हैस अडली होती. पूर्णाथडी, म्हणजे ही आपल्या पूर्णाकाठचीच, भुरकट अंगाची, बांध्यानं आटोपशीर, दूध मात्र घट्ट. वगारीचा एक पाय आत दुमडलेला होता. तो सरळ करून तिला बाहेर काढेपर्यंत रात्रीचे दोन वाजले. माझे हात खांद्यापर्यंत माखलेले आणि कोपरापासून थरथरत होते. म्हशीनं वगारीला चाटायला सुरुवात केली तशी बुढी काही न बोलता उठली, चुलीत मूठभर तुराट्या घातल्या आणि जर्मनचा गंज, म्हणजे ॲल्युमिनियमचं पातेलं, ठेवला. तुराटी भडकन पेटते आणि भुर्रकन राख होते. स्वयंपाकाला पुरत नाही, पण चहापुरता जाळ तिच्यासारखा नाही.

मी म्हटलं, "माय, दुधाचाच कर, थंडी लय हाये."

"दूध कुठचं बाप्पा? हे तं आता याली." व्यालेल्या म्हशीचा पहिला चीक, तो तापवला की थिजतो, त्याचा खरवस होतो, चहा नाही. हे मला तिनं सांगायची गरज नव्हती. मग म्हणाली, "अन् असतं तरी नसतं टाकलं. आमचं पानी खारं हाये, फाटते. काया च्या पे."

काचेच्या गिलासात तिनं चहा गाळला. बॅटरीच्या उजेडात तो असा काळा दिसत होता की गिलासापलीकडचं तिचं बोटही दिसेना. तिनं अर्धं निंबू त्यात पिळलं. आणि माझ्या डोळ्यांसमोर तो काळा रंग वरून खाली उतरत गेला. आधी तपकिरी, मग लालसर, आणि शेवटी चिंचेनं घासलेल्या तांब्याच्या लोट्यासारखा. गिलासातून चुलीचा जाळ दिसायला लागला.

"पाह्य," ती म्हणाली, "आता झाला च्या."

मी विचारलं, "मीठ नाही टाकत?"

"मीठ तं पान्यातच हाये."

क्षारानं काळा पडलेला रंग आंबटानं उघडतो, एवढंच त्यातलं शास्त्र. पण मी पशुवैद्यकातला माणूस, जन्मभर औषधं मोजून देणारा, आणि मला हे सुचलं नव्हतं. त्या रात्रीपासून ही सवय लागली. पाण्याचा घोट घ्यायचा. खारं लागलं तर काळा, जरा सढळ पत्तीचा, निंबू पिळलेला. गोडं लागलं तर दुधाचा. समोरच्या घरात पाणी कसं आहे हे विचारणं बरं दिसत नाही, म्हणून चाखून पाहतो, एवढीच ही भानगड. ज्या वयनीला राग आला होता तिला शेवटी खरं सांगितलं, तर म्हणाली, "मंग तोंडानं सांगता नव्हतं येत?"

कॅनच्या पाण्याचं मात्र जमत नाही. आता गावोगाव आरओ बसले, वीस लिटरचा थंड कॅन दारात येतो, आणि कोणी गेलं की मोठ्या मानानं त्याचाच चहा. त्या पाण्यातून सगळं काढून घेतलेलं असतं. चहा होतो, फाटत नाही, रंगही बरा येतो, पण सपक. मी तिथं दुधाचा घेतो आणि आलं जास्त टाकायला सांगतो.

माझ्या घरच्या चहाचं विचाराल, तर पत्ती मी आठवडी बाजारातून खुली आणतो. दोन वाटे दाणेदार, एक वाटा भुकटी. भुकटी लगेच रंग देते, दाणेदार चव सावकाश सोडते. दोन्ही सीटीसीच. पानं दातेरी रुळांतून चेचून, फाडून, वळवून त्याचे दाणे करायची ही रीत आसामात १९३० च्या सुमारास निघाली, आणि आपला दुधाचा चहा तिच्यावरच उभा आहे, कारण असा दाणा दुधाला दबत नाही. एकदा चेचलेल्या पत्तीला दहा-दहा मिनिटं उकळायचं काही कारण नाही. दोन-तीन मिनिटांत जे चांगलं ते उतरतं, पुढं उतरतो तो निव्वळ तुरटपणा. टपरीवर सकाळपासून उकळणारा गंज पाहिला की माझी जीभ आधीच आवळते. आणि बिनापाण्याचा, नुसत्या दुधाचा घट्ट चहा जो आता तालुक्याच्या गावी अमृततुल्य म्हणून मिळतो, तो चहा नाही, ती बासुंदी आहे. असो, लोकांना आवडतो.

दीड कप गोडं पाणी, अर्धा कप म्हशीचं दूध. पाण्याला उकळी आली की ठेचलेलं आलं. ते दोन मिनिटं पाण्यातच उकळू द्यायचं. मग पत्ती, साखर, आणि दूध सगळ्यात शेवटी, वेगळं तापवलेलं. हा क्रम मी मोडू देत नाही, आणि घरात त्यावरून रोज कुरबुर होते. आमच्या हिचा खाक्या असा की पाणी, दूध, आलं, पत्ती, साखर सगळं एकदम गंजात, गॅस मोठा, आणि ती तिच्या कामाला. म्हणते, "तुमचा च्या होईपर्यंत पाहुणा गाडीवर बसते." तिचा चहा दहातून आठ वेळा चांगला होतो. उरलेल्या दोन वेळा ती दूधवाल्याला शिव्या देते.

दूधवाल्याचा दोष नसतो. कच्च्या आल्यात दूध साकळवणारा एक अंश असतो, वासराच्या पोटात दूध साकळतं त्याच धर्तीचा. कोमट दुधात आलं पडलं की तो कामाला लागतो. उकळत्या पाण्यात आधी शिजवलं की तो मरतो आणि नुसती चव उरते. चीनमध्ये याच गुणावर आल्याच्या रसानं गरम दूध घट्ट करून गोड पदार्थ करतात, म्हणजे एका अर्थी चिकाशिवाय खरवस. गुळाचंही तसंच भय असतं. गूळ टाकायचा असेल तर गॅस बंद करून मग टाकायचा आणि लगेच गाळायचा. उकळत्या दुधात गूळ पडला की भरवसा नाही.

मध्यंतरी मुलीनं पुण्याहून दार्जिलिंगची पत्ती पाठवली. पहिल्या खुडणीची, वसंतातली. डबीवर भौगोलिक मानांकनाचं चिन्ह होतं. भारतात २००४ साली ते पहिल्यांदा ज्या मालाला मिळालं तो हाच चहा. मी नेहमीसारखं दूध घालून उकळला, तर ढोराच्या पुढ्यातलं गवत उकळल्यासारखा झाला. मुलीनं फोनवर माझी हजेरी घेतली. दूध नाही, साखर नाही, पाणी उकळून खाली उतरवून मिनिटभर थांबा, मग पत्ती, तीन मिनिटं झाकण. नेमका त्या आठवड्यात नळ आला नव्हता. बोअरच्या पाण्यात तो महागाचा चहा असा काळपट झाला की बाजारातली खुली पत्ती बरी. नळ आल्यावर पुन्हा केला. मोसंबीच्या रसाएवढा फिका रंग, आणि वास असा की मी कप नाकाशीच धरून बसलो. ओसरीवर चार जण असताना तो करता येत नाही. कोणाला दिला तर म्हणतील, पत्ती टाकायची विसरले काय? म्हणून ही देवळात गेली की मी एकट्यानं करतो. डबी अजून अर्धी आहे, कुठं ठेवली ते सांगत नाही.

उन्हाळ्यात चहा कसा चालतो, हेही तुम्ही विचारलं होतं. चालतो. पंचेचाळीसच्या उन्हातून आलेला माणूस आधी गूळ-पाणी घेतो, घाम निवू देतो, आणि मग चहा मागतोच. दुपारी मात्र मी काळाच घेतो.

आता तुमच्या घरचा परवाचा चहा. मी पाण्याचा घोट घेऊन दुधाचा मांडा म्हणालो, म्हणजे तुमच्या माठात नळाचं पाणी होतं आणि चांगलं होतं. तुम्ही आतून गाळून आणलात, पण दाराच्या फटीतून मला दिसलं. गाळणीत पांढरे दाणे अडकले होते, आणि तुम्ही पाठमोरे होऊन ते मोरीत झटकलेत. तुम्हाला वाटलं दूध नासकं निघालं. दूध नासकं नव्हतं, गुरुजी. ते ज्या म्हशीचं आहे तिला मी ओळखतो. आलं आधी पाण्यात उकळा. रविवारी येतो.