काय गाळायचं ते

फोनमधले जुने फोटो पुसायला बसलं की माझ्याने एकही पुसवत नाही. हा जरा हललाय, पण हसू छान आलंय. त्यात कुणाचं तरी कोपर मधे आलंय, पण असू दे. त्यामुळे असेल कदाचित, पण आजचे जगभरातले नावाजलेले फोटोग्राफर बघताना मला त्यांच्या कॅमेऱ्यापेक्षा त्यांच्या नकारांचंच जास्त कौतुक वाटतं.

जर्मनीतलं बेखर दांपत्य १९५९ पासून पाण्याच्या टाक्या, भट्ट्या, खाणींवरचे मनोरे असलंच काहीबाही टिपत राहिलं. ऊन नको, सावली नको, माणूस तर नकोच. आभाळ भरून आलेलं असेल तरच काम. इतकं सगळं नाकारल्यावर टाक्यांकडे बघण्यावाचून आपल्याला गत्यंतर उरत नाही, आणि मग एखादी टाकी शेजारणीपेक्षा चक्क ऐटबाज दिसायला लागते.

त्यांचा विद्यार्थी आंद्रेआस गुर्स्की याने तर नदीच साफ केली. त्याच्या १९९९ च्या ‘राईन २’ मध्ये हिरवे पट्टे, मधून सरळ वाहणारं पाणी आणि वर करडं आभाळ, एवढंच आहे. पलीकडची कारखान्याची इमारत आणि कुत्री फिरवणारी माणसं त्याने कॉम्प्युटरवर पुसून टाकली. २०११ साली न्यूयॉर्कच्या लिलावात तो फोटो ४३ लाख डॉलरला गेला तेव्हा अनेकांनी नाकं मुरडली. मला किमतीचं काही नाही. त्या कुत्र्यांना मात्र ठेवायला हवं होतं.

हिरोशी सुगिमोतोने उलटी वाट धरली. त्याने काहीच गाळलं नाही. सिनेमागृहात मोठा कॅमेरा लावायचा, सिनेमा सुरू झाला की शटर उघडायचं आणि संपला की मिटायचं. म्हणजे सगळी मारामारी, प्रेमप्रकरणं, रडारड एकाच निगेटिव्हवर. हाती काय लागलं? पडद्याच्या जागी लख्ख पांढरा चौकोन! त्याच्या उजेडात भिंतींवरची नक्षी आणि खुर्च्यांच्या रांगा तेवढ्या दिसतात. अख्खा सिनेमा साठवला आणि त्यातलं एकही दृश्य उरलं नाही.

थॉमस डेमांड मला थोडा चक्रम वाटतो, पण आवडतो. बातम्यांत गाजलेल्या जागा तो कागद-पुठ्ठ्याच्या, खऱ्या आकाराच्या बनवतो, त्यांचा फोटो काढतो आणि मग ती सगळी मेहनत मोडीत काढतो. ‘ऑफिस’ या १९९५ च्या फोटोत पूर्व जर्मनीच्या गुप्त पोलिसांचं लुटलं गेलेलं कार्यालय आहे. टेबलावर, जमिनीवर कागदांचा खच. निरखून बघितलं की लक्षात येतं, एकाही कागदावर अक्षर नाही. शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या बारीकसारीक नोंदी ठेवणाऱ्यांची दप्तरं, आणि सगळी कोरी.

नेदरलँड्सच्या रिनेके डाइकस्ट्राला नको असते ती पोज. त्यासाठी तिने झुंज संपवून बाहेर पडलेल्या बैलझुंजवाल्यांना, नुकत्याच बाळंत झालेल्या बायकांना समोर उभं केलं. दमलेल्या माणसाला चेहरा सजवायला बळ उरत नाही. हे जरा निर्दयच. पण त्या बायका छातीशी बाळ धरून ज्या नजरेने कॅमेऱ्याकडे बघतात, ती हसऱ्या फोटोत कधीच सापडत नाही.

आणि सॅम्युअल फोसो तर इतरांकडून उरलेल्यावरच उभा राहिला. मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकातल्या बांगी शहरात १९७५ साली, तेरा वर्षांच्या वयात, याने स्वतःचा स्टुडिओ थाटला. दिवसा गिऱ्हाइकांचे फोटो. रोलमधल्या काही फ्रेम शिल्लक राहायच्या, त्या वाया कशाला घालवायच्या म्हणून संध्याकाळी पठ्ठ्या स्वतःच नटूनथटून कॅमेऱ्यासमोर. नायजेरियातल्या आजीला कळावं, नातू मजेत आहे. पुढे २००८ मध्ये ‘आफ्रिकन स्पिरिट्स’ या फोटोमालिकेसाठी तो मोहम्मद अली झाला, कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणारी अमेरिकेतली अँजेला डेव्हिसही झाला. ते काम जास्त सफाईदार आहे, यात वादच नाही. तरी मला बांगीतलेच फोटो जास्त आवडतात. ते कुणी मागवले नव्हते, आणि आजी सोडून कुणाला दाखवायचेही नव्हते.