एडिंबराच्या माथ्यावरची सोनेरी रिबन

एडिंबरात कुणालाही त्या नव्या हॉटेलबद्दल विचारा. पत्त्याआधी तुम्हाला त्याचं टोपणनाव ऐकायला मिळेल, आणि ते चारचौघांत घेण्यासारखं नाही. सेंट जेम्स क्वार्टर या नव्या खरेदी संकुलात नोव्हेंबर २०२३ मध्ये सुरू झालेलं हे डब्ल्यू हॉटेल. बारा मजले, २४४ खोल्या. गोल इमारतीभोवती कांस्यरंगी स्टीलची पट्टी गुंडाळत वर नेली आहे आणि माथ्यावर तिचं टोक मोकळं सोडलंय. जेस्टिको अँड व्हाइल्स या आर्किटेक्ट फर्मच्या मनात होती रिबनची गुंडाळी. गावाला दिसली सोनेरी शी! कुणी त्याला वॉलनट व्हिप या चॉकलेटचं नाव दिलं, तर कुणी त्याला दोन मोठे डोळे बसवा म्हणून ऑनलाइन अर्ज काढला.

हसण्याखाली दबलेला राग समजायचा तर जागा समजून घ्यायला हवी. एडिंबराचं जुनं आणि नवं शहर १९९५ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. यातलं 'नवं' शहर म्हणजे १७६७ मध्ये जेम्स क्रेगनं आखलेलं. सगळीकडे वालुकाश्म, तोही धुरानं काळवंडलेला. शहर टेकड्यांवर वसलेलं, त्यामुळे कुठूनही कुठलं तरी शिखर दिसतंच: किल्ला, चर्चचे मनोरे, स्कॉट मॉन्युमेंट. काही दृश्यं तर नगर नियोजनात राखून ठेवलेली आहेत. नव्या बांधकामामुळे ती झाकली जातात का, हे तपासलं जातं. आणि नेमक्या अशा ठिकाणी, उंचवट्यावर, ही चकाकणारी गुंडाळी आली. २०१५ मध्ये प्रस्ताव आला तेव्हा पालिकेच्या नियोजन अधिकाऱ्यांनी तो नाकारावा असं सुचवलं होतं. नगरसेवकांनी तरीही मंजुरी दिली.

आमच्या शेजारच्या आजी जन्मापासून लीथ या एडिंबराच्या बंदरभागात राहतात. आजच्या संकुलाच्या जागी आधी १९७०च्या दशकातलं सेंट जेम्स सेंटर होतं, शेजारी सरकारी कचेऱ्यांचा काँक्रीटचा अवाढव्य ठोकळा. त्याच्यासाठी त्याहून जुना, देखणा सेंट जेम्स स्क्वेअर पाडला होता. "तो ठोकळा पाडला तेव्हा मला आनंदच झाला होता," आजी म्हणाल्या, "पण एकदा चुकलेल्या जागी दुसऱ्यांदा तरी नीट बांधायचं ना!" त्यांना नवं संकुल आवडतं. राग आहे तो फक्त हॉटेलवर.

उलट बाजूही मी ऐकली, एका टॅक्सीवाल्याकडून. शहर म्हणजे काय म्युझियम आहे का, असा त्याचा सवाल. त्यानं स्कॉटिश संसदेचं उदाहरण दिलं. एन्रिक मिरालेसनं रचलेली ती इमारत २००४ मध्ये पुरी झाली. सुरुवातीचा अंदाज ४ कोटी पौंडांचा, खर्च झाला ४१ कोटींच्या वर. लोकांनी यथेच्छ नावं ठेवली, आणि पुढच्याच वर्षी तिला स्टर्लिंग प्राइझ हे ब्रिटनमधलं वास्तुकलेचं मोठं पारितोषिक मिळालं. तसं इथेही होईल, लोकांच्या नजरेला सवय होईल, असं त्याचं म्हणणं.

मला हे पटत नाही. संसद होलीरूडच्या सखल भागात आहे, ती लोकांची आहे आणि आत जायला कुणालाही मज्जाव नाही. इथे शहराच्या माथ्यावरची मोक्याची जागा एका महागड्या हॉटेलनं घेतली आहे. छतावरून चारी बाजूंचं देखणं दृश्य दिसतं, पण ते बार-रेस्टॉरंटच्या गिऱ्हाइकांना. बाकीच्यांनी खालून हॉटेल बघायचं.

हॉटेल उंच नसावं असं मी म्हणत नाही. प्रिन्सेस स्ट्रीटच्या टोकाचं बाल्मोरल हेसुद्धा हॉटेलच, १९०२ मध्ये रेल्वेसाठी बांधलेलं. त्याच्या मनोऱ्यावरचं घड्याळ मुद्दाम तीन मिनिटं पुढे ठेवतात, म्हणजे खाली वेव्हर्ली स्टेशनात गाडी पकडणाऱ्यांची गाडी चुकू नये. ३१ डिसेंबरला तेवढं ते बरोबर लावतात. खोलीचं भाडं न परवडणाऱ्यालाही त्या मनोऱ्याचा रोज उपयोग आहे. ही नवी रिबन रस्त्यावरच्या माणसाला काय देते?

जवळून बघितलं तर काम कच्चं नाही, हे सांगायलाच हवं. पट्ट्यांच्या कडा सफाईनं वळवल्या आहेत, एकीची सावली दुसरीवर पडते, संध्याकाळचं ऊन लागलं की तांब्यासारखी झळाळी येते. पावसाळी दिवशी मात्र सगळं मळकट तपकिरी दिसतं, आणि इथे पावसाळी दिवस किती, ते सांगायला नको. लीथ वॉकवरून वर चढताना माथ्यावरचं ते मोकळं टोक कितीतरी वेळ डोळ्यांसमोरून हलत नाही.

नगररचनाकार पॅट्रिक गेडिस याच शहरात घडला. जुनी वस्ती सरसकट पाडू नका, जपून, गरजेपुरतीच कापाकापी करा, हे तो इथल्या गल्ल्यांमधून शिकला आणि हिंदुस्थानातल्या गावांनाही त्यानं तेच सांगितलं. १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा विभाग सुरू झाला तो त्याच्याच हाताखाली. आपले समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्ये त्याचे विद्यार्थी. नव्या बांधकामाला गेडिसचा विरोध नव्हता. आधी शहर नीट बघा, मग हात घाला, एवढाच त्याचा आग्रह. तो इथे पाळला गेला नाही, असं मला मनापासून वाटतं.

एडिंबराला आलात तर कॅल्टन हिलवर नक्की चढा. तिकीट नाही, चढण थोडीच. किल्ला, बाल्मोरलचा मनोरा आणि ही रिबन, सगळं तिथून दिसतं. तुमचं मत काय झालं ते मला जरूर कळवा, माझ्या विरुद्ध असलं तरी.