जे पाहिलेस तेवढेच लिही

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी काही लिहावे असे ठरले, तेव्हा मी प्रथम कपाटातून १९९३ सालची नववीची मराठीची वही काढली. त्या वर्षी २९ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी होती. विसर्जन आटोपून, अंगावरचा गुलाल तसाच ठेवून आम्ही झोपलो आणि पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला. आमच्याकडची घरे माळवदाची. दगड-मातीच्या रुंद भिंती, वर लाकडी तुळया आणि त्यांवर दर पावसाळ्याआधी भर घालून वाढत गेलेला मातीचा थर. उन्हाळ्यात हीच माती घर गार ठेवायची. त्या पहाटे ती झोपलेल्या माणसांवर आली. ढाळजेत, म्हणजे दारालगतच्या ओसरीत, झोपलेले माझे आजोबा त्यात गेले.

दिवाळीनंतर पत्र्याच्या शेडमध्ये शाळा भरू लागली आणि मराठीच्या सरांनी त्या रात्रीविषयी लिहून आणायला सांगितले. ‘निसर्गाचे तांडव’, ‘काळाचा घाला’ असे वर्तमानपत्रांत वाचलेले शब्द घालून मी दोन पाने भरली. सरांनी ती पूर्ण वाचली, मला सतरंजीवर शेजारी बसवले आणि हळू आवाजात विचारले, “तांडव तू पाहिलेस का, बाळ? जे पाहिलेस तेवढेच लिही.”

पुन्हा लिहायला मला चार दिवस लागले. त्यातल्या ओळी अशा आहेत : ‘आजोबांच्या मिशीत माती होती आणि कपाळाला गुलाल होता. आईने माती पुसली. गुलाल पुसला नाही.’ सरांनी गुण दिले नाहीत, केवळ ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका लाल शाईने दुरुस्त केल्या. तेव्हा मी हिरमुसलो होतो. आज त्या लाल खुणांकडे पाहताना, माझ्या दुःखाला हात न लावता त्यांनी माझ्या शब्दांची किती काळजी घेतली, हे जाणवून डोळे भरून येतात.

गेली कित्येक वर्षे मी मुलांना सांगत आलो आहे की, त्या पहाटे काळाकुट्ट अंधार होता आणि ढिगाऱ्यातून आजोबांना काढणाऱ्यांत मीही होतो. वहीत मात्र मी लिहिले आहे : ‘चांदणे होते, पण धुळीने दिसेना.’ अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्याच दिवशी पौर्णिमा होती, तेव्हा वहीचेच खरे. पुढे असेही आहे की, आजोबांना दोन्ही काकांनी काढले आणि मी धाकट्या बहिणीला कडेवर घेऊन रस्त्यात उभा होतो. तिने माझी कॉलर इतकी घट्ट धरली होती की वरचे बटण तुटले. ते बटण मी पार विसरून गेलो होतो.

या दिवाळीत मुलांना ही हकीकत वहीतून वाचून दाखवणार आहे. ती दोन पाने, सरांच्या लाल खुणांसह, शाळेच्या प्रदर्शनासाठी सोबत पाठवत आहे.