तुम्ही विचारलंत म्हणून : गायक गेल्यावर साथीदार साथ कुणाला करतात?

कार्यक्रम संपल्यावर मी वायरी गुंडाळत असतो तेव्हा कुणीतरी हमखास जवळ येतं. गिटारकडे बघतं, दोन चांगले शब्द बोलतं आणि मग विचारतं, "काका, ज्यांची ही गाणी ते तर गेले. रेकॉर्डिंग घरोघरी आहेत. मग तुम्ही चार वादक अजून हे कार्यक्रम का करता?" विचारणाऱ्याच्या मनात काही वाईट नसतं. पण हॉलचा माणूस दिवे घालवायला उभा असताना याचं उत्तर देता येत नाही. म्हणून आज निवांत लिहितो.

हे उत्तर मला अमेरिकेतल्या कंट्री संगीतात, म्हणजे तिथल्या गावाकडच्या गाण्यांत, सापडलं. मी हवाईयन गिटार वाजवतो. मांडीवर आडवी ठेवायची, डाव्या हातात स्टीलचा रॉड, उजव्या हाताच्या बोटांना नख्या. शिकत होतो तेव्हा एका मित्राने हँक विल्यम्स या कंट्री गायकाची कॅसेट दिली होती. शब्द अर्धेमुर्धे कळले. पण गायकाच्या आवाजाच्या वरच्या बाजूला, पार तारसप्तकात, आमच्याच जातीचं वाद्य रडत होतं. ते वाजवणाऱ्याचं नाव डॉन हेल्म्स. रात्रभर तोच एक सुरुवातीचा तुकडा मागे-पुढे करून ऐकला.

हेल्म्स अलाबामाचा, जन्म १९२७ चा. विशीही ओलांडली नव्हती तेव्हापासून हँकच्या मागे बसायचा. दारूच्या गुत्त्यांतले कार्यक्रम, रोजची मारामारी. हँकने एकदा सगळ्या वादकांना दुकानात नेऊन चामड्यात शिसं भरलेले छोटे दंडुके घेऊन दिले, माझ्याबरोबर वाजवायचं तर हे जवळ हवं म्हणून. हेल्म्स ही आठवण म्हातारपणीही सांगायचा. १९४९ मध्ये हँक नॅशव्हिलच्या ग्रँड ओल ऑप्री या कंट्री संगीताच्या नावाजलेल्या रेडिओ कार्यक्रमात आला, तेव्हा फिडलवर, म्हणजे व्हायोलिनवर, जेरी रिव्हर्स, गिटारवर बॉब मॅकनेट, बासवर हिलस ब्युट्रम आणि स्टीलवर, म्हणजे रॉडने वाजणाऱ्या त्याच गिटारवर, हेल्म्स असा संच जमला. नाव 'ड्रिफ्टिंग काउबॉइज'. ड्रम नव्हताच. पुढे सॅमी प्रुएट आला, तो गिटारच्या तारा हाताने दाबून नुसता 'चक्-चक्' ठेका द्यायचा, त्यावर सगळं चालायचं.

रेकॉर्डिंगचं काम बघणाऱ्या फ्रेड रोझने हेल्म्सला वरच्या सुरांत वाजवायला सांगितलं. वाचताना साधी सूचना वाटते. साथीला बसणाऱ्याला त्यातलं मर्म लगेच कळतं. गायकाचा आवाज जिथे फिरतो तिथे साथीदाराने पाऊल ठेवायचं नाही. आपण म्हणतो ना, अमक्याने काय जागा घेतली! ती जागा गायकाला मिळते, कारण मागे बसलेल्याने ती मोकळी ठेवलेली असते. भरणं कुणालाही जमतं. सोडायचं कुठे, हे कळायला वर्षं जातात. हँकच्या शंभराहून अधिक गाण्यांत आणि पहिल्या क्रमांकावर गेलेल्या अकरापैकी दहा गाण्यांत हेल्म्सची स्टील आहे. कुठलंही लावून ऐका. ओळ संपते, श्वास पडतो आणि नेमक्या त्या फटीतून ती वर येते. पुढचा शब्द सुरू व्हायच्या आत ती बाजूला झालेली असते.

१ जानेवारी १९५३. ओहायोतल्या कॅन्टनच्या कार्यक्रमाला निघालेला हँक मोटारीच्या मागच्या सीटवरच वारला. वय एकोणतीस. मराठी घरात जितक्या वयात पोरगं नोकरीत जरा स्थिरावतं, तितकंच आयुष्य.

आता खरी गोष्ट ऐका. हँकचा संच रे प्राइस नावाच्या गायकाने सांभाळला. तो हँकचा मित्र, दोघे काही काळ एकाच घरात राहिलेले. प्राइसचा गळा चांगला, स्वतःचा होता. पण या वादकांच्या पुढे उभा राहून गायला लागला की लोक म्हणायचे, तू दिवसेंदिवस हँकसारखाच गातोस. शेवटी त्याने हा संच बाजूला ठेवून स्वतःचा नवा बांधला, तेव्हा कुठे त्याला स्वतःचा रस्ता सापडला. मी हे प्रथम वाचलं तेव्हा पुस्तक मिटून बसून राहिलो. माणूस गेला होता, पण त्याच्या आकाराची जागा चार वादकांच्या हातांत शिल्लक होती. दुसरा कुणी त्या जागेत उभा राहिला की त्याच आकाराचा व्हायचा. रेकॉर्डमध्ये हँकचा आवाज आहे. ही जागा मात्र रेकॉर्डमध्ये नसते, ती वाजवणाऱ्याच्या हातात असते.

पुढे १९५४ पासून पेडलवाल्या स्टीलची लाट आली. पायाने तार ताणून सूर वाकवायचा, सगळे तिकडे वळले. हेल्म्सची ओळख मात्र शेवटपर्यंत दोन मानांच्या, बिनपेडलच्या गिब्सन कन्सोल ग्रँडशीच बांधलेली राहिली. मला यात हट्ट दिसत नाही. ज्या वाद्यावर त्या जागा बसल्या होत्या, ते वाद्य बदललं असतं तर जागाही हलल्या असत्या.

सत्तरच्या दशकात जुने काउबॉइज पुन्हा एकत्र आले. आणि मग जेट विल्यम्स आली. हँकची ही मुलगी बापाच्या अंत्यविधीनंतर दोन दिवसांनी जन्मली आणि दुसऱ्यांच्या घरी वाढली. आपण कुणाची लेक हे तिला मोठेपणी कळलं आणि सिद्ध करायला कोर्टाची पायरी चढावी लागली. ती बापाची गाणी गायला उभी राहिली, तेव्हा मागे हेल्म्स होता, रिव्हर्स होता. तिने बापाला कधी पाहिलं नव्हतं. तो श्वास कुठे घ्यायचा, शब्द कुठे ओढायचा, हे तिच्या मागे बसलेल्या म्हाताऱ्यांना माहीत होतं. बाप कसा होता हे याहून जवळून तिला कोण सांगणार होतं? रिव्हर्स १९९६ मध्ये गेला, हेल्म्स २००८ मध्ये.

आमची गोष्ट याच्यापुढे फार लहान आहे, पण तुम्ही आमच्याबद्दल विचारलंत. आमचे गायक भावगीतं गायचे. छाती जरा अधू होती. त्यामुळे एका गाण्यात तिसऱ्या अंतऱ्याआधी ते दोन मात्रा जास्त थांबायचे. तबलजी तेवढा ठेका हलकेच लांबवायचा, मी एक सूर धरून ठेवायचो. बावीस वर्षं हे असंच चाललं. ते गेल्यावर एक मुलगी गायला आली. पहिल्या तालमीला ती छापील नोटेशनप्रमाणे अंतऱ्यावर आली आणि आम्ही चौघे मागेच राहिलो. कुणी कुणाला खूण केली नव्हती. हात आपोआप थांबले होते. तिने वळून बघितलं. मी म्हणालो, "चुकलं आमचं बाळा, पुन्हा घेऊ." दुसऱ्यांदा ती स्वतःच थांबली. त्या दोन मात्रांत तिने डोळे मिटले, श्वास भरला आणि ओळ उचलली. तबलजीने माझ्याकडे पाहिलं, मी तारांकडे बघत राहिलो.

पुढच्या खेपेला कार्यक्रमाला आलात तर जरा पुढच्या रांगेत बसा. तिसऱ्या अंतऱ्याआधी तिच्याकडे बघू नका, तबलजीच्या डाव्या हाताकडे बघा.