लॅक्सटनच्या शिवारातली मोजणी

नोव्हेंबर संपत आला होता. चिखलात गमबूट रुतत होते आणि माझ्या खांद्यावर जीपीएसचा दांडा होता. नॉटिंगहॅमशायरमधल्या लॅक्सटन गावी त्या दिवशी ज्युरीची शिवारफेरी होती. एका नकाशाच्या कामासाठी मीही तिच्यात होते.

अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत संसदेने कायदे केले आणि इंग्लंडमधली गावोगावची मोकळी शिवारं कुंपणांआड गेली. लॅक्सटनने मात्र जुनी वहिवाट तिच्या कोर्टासकट सांभाळली. मिल फील्ड, साउथ फील्ड आणि वेस्ट फील्ड ही तीन शिवारं. एकात हिवाळी गहू, दुसऱ्यात वसंतातली पेरणी, तिसरं पड किंवा चाऱ्याला. दरवर्षी पाळी फिरते. प्रत्येकाच्या पट्ट्या तिन्हींत विखुरलेल्या, मधे ना बांध ना कुंपण. मार्क पिअर्सने 1635 मध्ये काढलेल्या नकाशात या पट्ट्या तर आहेतच, शिवाय नांगरणारी, कापणी करणारी इवली माणसंही आहेत. मालक बदलत गेले: 1952 मध्ये कृषी मंत्रालय, 1981 मध्ये क्राउन इस्टेट, 2020 पासून थोर्सबी इस्टेट. वहिवाट तीच राहिली.

ज्युरी म्हणजे गावचेच शेतकरी. यंदा गहू पेरलेलं शिवार ते पायी तपासतात. हद्द धूसर झालेली दिसली की एकजण पट्टीच्या टोकाला उभा राहतो, एक डोळा मिटून हाताने 'अजून डावीकडे' असं खुणावतो. रेषा जुळली की दुसरा मोगरीने खुंटी ठोकतो. ना फीत, ना कागद.

एका कडेला नांगर सामाईक गवतात घुसलेला दिसला. पट्टीवाला फेरीतच होता. "हो, गेला आत," एवढंच तो म्हणाला. मोरक्याने वहीत नोंद केली आणि सगळे पुढे निघाले. मी जागीच थबकले. गावाकडे मोजणीची कामं करताना हातभर बांधासाठी सख्ख्या भावांनी वीस-वीस वर्षं तारखा घातलेल्या मी पाहिल्या आहेत. मोजणी बिनचूक असूनही ते भांडण मिटत नाही, कारण निकाल देणारा माणूस त्या मातीत कधी उतरलेलाच नसतो. इथे शेजाऱ्यांनीच पाहिलं, शेजाऱ्यांनीच लिहिलं.

आठवडाभराने डव्हकोट इन या गावच्या पबमध्ये कोर्ट लीट, म्हणजे वहिवाट सांभाळणारं ते जुनं गावकोर्ट, भरलं, तेव्हा मी रजा टाकून गेले. नांगर गवतात घातलेल्या त्या पट्टीवाल्याला दंड झाला, त्याने तो निमूट भरला. मग पुढच्या वर्षाच्या ज्युरीचा शपथविधी झाला. त्यात तोही होता.